मेटाडेटा-कम्प्लीट टाकूनही टॉमकॅट वेळेत उठत नसेल तर

टॉमकॅट (जावाची वेब ॲप्स चालवणारा सर्व्हर) उठायला कित्येक मिनिटं लागतात, ही तुमची पोस्ट वाचली आणि आमचा जुना प्रोजेक्टच आठवला. तुमच्याकडे टॉमकॅट ९, लिब फोल्डरमध्ये तीनशेच्या आसपास जार (जावा क्लासचे गठ्ठे), वेब.एक्सएमएल या सेटिंगच्या फाइलीत मेटाडेटा-कम्प्लीट ट्रू (म्हणजे 'सगळं इथेच लिहिलंय, जारमध्ये शोधू नको'), तरीही 'डिप्लॉइंग' ही ओळ आल्यावर लॉग कित्येक मिनिटं ढिम्म. आणि वर होस्टिंगवाल्यांचा सल्ला, हीप (जावाला दिलेली मेमरी) वाढवा. अगदी हेच आम्ही भोगलंय. लॉग लेव्हल, जेव्हीएमचं व्हर्जन वगैरे तुम्ही तपासलंच असणार, त्यात शिरत नाही.

मेटाडेटा-कम्प्लीटने फक्त वेबसर्व्हलेट, वेबफिल्टर, वेबलिसनर असल्या ॲनोटेशन्सचा (कोडमध्येच लिहिलेल्या खुणांचा) शोध थांबतो. पण २००९ च्या सर्व्हलेट ३.० मध्ये (जावा वेब ॲप्सच्या नियमावलीत) सर्व्हलेट-कंटेनर-इनिशियलायझर नावाचं आणखी एक प्रकरण आलं, म्हणजे ॲप उठताना आपोआप चालणारा क्लास. अशा इनिशियलायझरवर हँडल्सटाइप्स ही खूण लिहिलेली असली की अमुक इंटरफेस कोणकोणते क्लास पाळतात हे टॉमकॅटला शोधून द्यावं लागतं. त्यासाठी तो प्रत्येक जारमधली प्रत्येक क्लास फाइल उघडून तिचा बाप (पॅरेंट क्लास), बापाचा बाप असं वर वर बघत जातो. स्प्रिंग या जावा फ्रेमवर्कच्या स्प्रिंग-वेब जारमध्ये असा इनिशियलायझर आहे. टॉमकॅटच्या स्वतःच्या वेबसॉकेट (ब्राउझरशी सतत उघडं राहणारं कनेक्शन) जारमध्येही आहे, म्हणजे तुम्ही वेबसॉकेट वापरत नसलात तरी झडती होतेच! त्या मेटाडेटा-कम्प्लीटवर विसंबून लोक पुढे डेटाबेस, नेटवर्क, मेमरी असं सगळं धुंडाळत बसतात.

अंदाज बांधण्यापेक्षा लॉग गप्प असताना काही सेकंदांच्या अंतराने तीन-चार थ्रेड डंप (त्या क्षणी कोणता कोड चालू आहे त्याची यादी) घ्या. त्यासाठीचं जेस्टॅक हे टूल नसेल तर लिनक्सची किल -३ ही कमांड चालते, डंप कॅटलिना.आउट या लॉगमध्ये येतो आणि प्रोसेस मरत नाही. स्टॅकमध्ये कॉन्टेक्स्टकॉन्फिग आणि चेकहँडल्सटाइप्स दिसलं तर मी म्हणते तेच. टीएलडीस्कॅनर दिसला तर जेएसपी पानांच्या टॅग लायब्ररींचा (त्यांच्या टीएलडी फाइलींचा) शोध चाललाय. सिक्युअररँडम दिसलं तर स्कॅनिंगचा संबंधच नाही, सर्व्हरवर एन्ट्रॉपी (रँडम आकडे बनवायचा कच्चा माल) कमी पडतेय. ते दुखणं वेगळं.

आता मनातली मळमळ. आमच्या क्लायंटचा सर्व्हर एक सपोर्ट डेस्क सांभाळायचा, नाव नको. आम्ही मागत होतो एक थ्रेड डंप. त्यांचं उत्तर ठरलेलं: प्रॉडक्शनवर किल चालवता येणार नाही. किल -३ ने काही मरत नाही हे डॉक्युमेंटेशनसकट पाठवलं, तर तिकीट 'माहिती अपूर्ण' म्हणून बंद. नवीन तिकीट, नवीन माणूस, पुन्हा तोच फॉर्म, आणि शेवटी हीप दुप्पट. क्लास फाइली वाचायला सीपीयू आणि डिस्क लागते, मेमरीचा तिथे फारसा प्रश्न नसतो. उलट आता हीप वाढवलाय ना, मग दोष तुमच्या कोडचा, असं तेच मीटिंगमध्ये सांगू लागले. आमचे महिने त्यात गेले. माझं ठाम मत: असल्या डेस्कशी वाद घालू नका. तेच वॉर (ॲपची एकत्र बांधलेली फाइल) आपल्या लॅपटॉपवर त्याच व्हर्जनच्या टॉमकॅटवर चढवा आणि डंप तिथे घ्या. स्कॅनिंगचा घोळ लॅपटॉपवरही तसाच दिसतो, फक्त मिनिटं कमी-जास्त. (विंडोजवर अँटिव्हायरस प्रत्येक जार उघडून बघत असतो, त्यात जाणारा वेळ वजा धरा.)

उपायांत मला सगळ्यात भरवशाचा वाटतो तो कॉन्टेक्स्ट.एक्सएमएल या टॉमकॅटच्या सेटिंग फाइलीतला जारस्कॅनफिल्टर, म्हणजे कोणते जार तपासायचे ते ठरवणारी सेटिंग. त्यात प्लगेबिलिटीस्किपमध्ये पीओआय (एक्सेल-वर्डच्या फाइली हाताळणारं), पीडीएफवाले, क्लाउडचे एसडीके असे जाडजूड जार नावानिशी टाका. वेबशी संबंध नसलेले हे जार झडतीतून सुटतात आणि स्प्रिंगचा इनिशियलायझर मात्र चालू राहतो. टॅग लायब्ररींसाठी डिफॉल्ट-टीएलडी-स्कॅन फॉल्स करून फक्त खरोखर टीएलडी असलेले जार टीएलडीस्कॅनमध्ये लिहा. त्यातून जेएसटीएलचा (नेहमीच्या जेएसपी टॅगांचा) जार सुटला तर ॲप उठेल, पण पहिल्याच जेएसपीला 'ॲब्सोल्यूट यूआरआय कॅनॉट बी रिझॉल्व्ड' असा फटका बसेल. वेबसॉकेट नकोच असेल तर त्याच फाइलीत कंटेनर-एससीआय-फिल्टर (एससीआय म्हणजे तोच सर्व्हलेट-कंटेनर-इनिशियलायझर) देऊन टॉमकॅटचा तो इनिशियलायझर गाळता येतो.

वेब.एक्सएमएलमध्ये रिकामं ॲब्सोल्यूट-ऑर्डरिंग (जारचा क्रम ठरवणारा टॅग) टाका असाही सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. वेग झकास येतो, खोटं कशाला बोलू. पण त्याने जारमधले इनिशियलायझरही बाद होतात. तुमचं ॲप स्प्रिंगच्या वेबॲप्लिकेशन-इनिशियलायझरवर उभं असेल तर टॉमकॅट चटकन उठेल, लॉगमध्ये एकही एरर नसेल आणि प्रत्येक पानावर ४०४. जुन्या पद्धतीने सगळं वेब.एक्सएमएलमध्येच लिहिलं असेल तर खुशाल वापरा.

जाता जाता: ॲनोटेशन स्कॅन करताना स्टॅकओव्हरफ्लो एरर आला तर एक्सएसएस (जावाच्या स्टॅकचा आकार) वाढवायच्या आधी लिबमध्ये बाउन्सी कॅसल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीची दोन व्हर्जनं नांदत नाहीत ना ते बघा. एकातल्या क्लासचा बाप दुसऱ्या जारमध्ये सापडतो आणि टॉमकॅट गोल गोल फिरत राहतो. मेसेजमध्येच 'सायक्लिक इन्हेरिटन्स' असं लिहिलेलं असतं, पण लोक तेवढं वाचत नाहीत.

मी टॉमकॅट बनवणाऱ्यांपैकी नाही, वापरून वैतागलेल्यांपैकी आहे. तेव्हा हे सगळं आधी टेस्ट सर्व्हरवर करा. स्प्रिंग बूटच्या एक्झिक्युटेबल जारमध्ये गणित वेगळं असतं, तिथे यातलं बरंचसं लागू नाही.

आणि सर्व्हरची कॉन्फ फोल्डर तुम्हाला हात लावू देत नसतील (आम्हाला देत नव्हते), तर कॉन्टेक्स्ट.एक्सएमएल वॉरच्या मेटा-इन्फ फोल्डरमध्ये घाला. मात्र दोन गोष्टी आधी विचारून घ्या. होस्टवर डिप्लॉय-एक्सएमएल फॉल्स असेल तर टॉमकॅट ते ॲप डिप्लॉयच करणार नाही. आणि कॉन्फमधल्या कॅटलिना/लोकलहोस्टमध्ये तुमच्या ॲपच्या नावाची जुनी एक्सएमएल पडलेली असेल तर तीच वाचली जाईल, तुमची नाही.