भूगोल घेऊन पोरगी करणार काय?

“मॅडम, दहावीला ८९ टक्के पडलेत आणि म्हणते आर्ट्सला जायचं, भूगोल घ्यायचाय. सोपा म्हणून घेतेय, दुसरं काय!” सिडकोतल्या एका वडिलांची ही तक्रार. निकाल लागला की दर वर्षी कुणी ना कुणी ती घेऊन येतंच.

भूगोल सोपा वाटतो कारण दहावीला त्याची लेखी परीक्षा ४० गुणांची, आणि बऱ्याच घरांत तयारी आदल्या रात्री होते. पाठांतरावर निभावतं. विषय मात्र शिकायचा राहून जातो.

मुलीचा कल खरा आहे का, हे पाहायला तिला काम दिलं. त्र्यंबक परिसराचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा घे आणि ब्रह्मगिरीचा छेद काढ, म्हणजे डोंगर उभा कापला तर बाजूने कसा दिसेल ते. दोन बिंदू जोडायचे, रेषेवर कागदाची पट्टी ठेवायची, समोच्च रेषा (सारख्या उंचीची ठिकाणं जोडणारी) जिथे जिथे पट्टीला लागते तिथे खूण करून उंची लिहायची, मग खुणा आलेखावर उतरवायच्या. नकाशावर १ सेंमी म्हणजे ५०० मीटर. उभ्या अक्षालाही तिने तेच प्रमाण धरलं, त्यामुळे दोन समोच्च रेषांमधले २० मीटर जेमतेम ०.४ मिमीत बसले आणि डोंगर पार बसका झाला. मग १ सेंमीला १०० मीटर घेतले, तेव्हा कडा उठून दिसला. उंची पाचपट ताणली गेली आहे, ही नोंद तिने न सांगता कोपऱ्यात केली. दरी आणि सोंड (डोंगराचा पुढे आलेला उतरता फाटा) ओळखताना मात्र गल्लत झाली. समोच्च रेषेचं टोक चढाकडे वळलं तर दरी, उताराकडे वळलं तर सोंड. ही चूक बहुतेकांची होतेच, सरावाने जाते.

वडील तो कागद बराच वेळ बघत होते. “हे सोपं नाही,” एवढंच म्हणाले.

नोकरीचं स्पष्ट सांगितलं. नुसत्या बी.ए.वर भागत नाही. जीआयएस (संगणकावर नकाशे आणि त्यांची माहिती हाताळणं) आणि दूरसंवेदन (उपग्रहाच्या चित्रांवरून जमीन वाचणं) शिकावं लागतं, आकडेमोडीशी वैर चालत नाही. क्यूजीआयएस हे जीआयएसचं सॉफ्टवेअर फुकट आहे, अकरावीच्या सुट्टीत हात बसवता येतो.

कॉलेज निवडताना प्रात्यक्षिकं खरंच होतात का, ते आधी बघा. बारावीला त्यांचे २० गुण असतात, आणि काही ठिकाणी जर्नल शेवटच्या आठवड्यात एकमेकांचं बघून उतरवतात. तिथल्या दोन-तीन विद्यार्थ्यांची जर्नलं मागून घ्या. सगळ्यांत छेदाची तीच रेषा आणि चूकही तीच असेल, तर दुसरं कॉलेज बघा.