क्लीनर अडकतो कुठं, ते आधी बघा

भाऊ, तुमचा प्रश्न वाचला. अंबाजोगाईजवळचं कृषी पर्यटन केंद्र, 40 बाय 20 फुटांचा टाइल्सचा पोहण्याचा पूल, साडेतीन ते साडेपाच फूट खोली, होजवर (लवचिक पाइपवर) चालणारा, तळ साफ करणारा सक्शन क्लीनर. सोबत आलेले होजचे 14 च्या 14 तुकडे जोडलेत. व्हॅक्यूम पॉइंट, म्हणजे होज लावायचं भिंतीतलं तोंड, लांब भिंतीच्या मधोमध आहे. क्लीनर कधी शिडीत घुसतो, कधी मेन ड्रेनवर (तळातल्या पाणी ओढणाऱ्या जाळीवर) बसतो, आणि दर वीस मिनिटांनी गड्याला काठी घेऊन पळावं लागतं. विकणारा म्हणतो, हा टाका अन् विजेवर आपला आपण चालणारा रोबोट क्लीनर घ्या.

थांबा जरा. मी ठिबक सिंचनाचे हेड (पंप-फिल्टरचा संच) बसवता बसवता पुलांच्या कामात आलेला माणूस. ठिबकमध्ये शेवटच्या झाडाला पाणी पोचेना म्हणून कुणी ड्रिपर फेकून देत नाही, आधी फिल्टर बघतो. इथंही तसंच आहे. या क्लीनरला स्वतःची मोटारच नाही. तुमचा पंप ओढतो, त्या ओढीवर आतला पडदा नाहीतर फ्लॅप टकटक हलतो आणि त्या धक्क्यांनी ते यंत्र सरकतं. म्हणजे क्लीनर अडकला, तर खोट बहुतेक वेळा पाण्याच्या ओढीत, होजमध्ये नाहीतर पुलाच्या बांधकामात असते.

उद्या सकाळी एक काम करा. कागदावर पुलाचा चौकोन काढा, चहा घेऊन तासभर काठावर बसा आणि क्लीनर जिथं थांबेल तिथं फुली मारा. काठीनं ढकलू नका, पाच मिनिटं थांबून आपणहून निघतो का ते बघा. फुल्या एकाच ठिकाणी पडल्या तर पूल तपासायचा. पूलभर विखुरल्या तर ओढ कमी आहे. आणि क्लीनर एकाच बाजूला गोल गोल फिरत राहिला, दुसऱ्या टोकाला गेलाच नाही, तर होज तपासायची.

तुमच्या बाबतीत माझा पहिला संशय होजवरच आहे. हिशेब बघा. पॉइंट मधोमध, म्हणजे सगळ्यात लांबचा कोपरा 20 फूट आडवा आणि 20 फूट उभा. तिरकं अंतर साधारण 28 फूट, म्हणजे साडेआठ मीटरच्या आसपास. तुकडा मीटरभराचा असतो. नऊ तुकडे, वर एक जास्तीचा, असे दहा बास. तुम्ही 14 लावलेत. उरलेले चार मीटर पाण्यात वेटोळं घालून बसतात आणि क्लीनरला परत तिथंच ओढून आणतात. चार तुकडे आजच काढा. ते फेकू नका, पुढंमागं एखादा चिरला की कामाला येतील.

दुसरं, होज गुंडाळून ठेवता का? आपल्याकडचे गडी पाइप दिसला की त्याची गुंडाळी करून खुंटीला टांगतात, ठिबकच्या लॅटरलची सवय. होजला तो वाक बसतो. तुकडे सुटे करून गच्चीवर उन्हात सरळ मांडा, संध्याकाळी उचला. ऊन तर आपल्याकडं फुकटच आहे. होजवरचे तरंगे आणि क्लीनरजवळचं वजन खोलीप्रमाणं सरकवावं लागतं. क्लीनर नाक वर करून चालत असेल किंवा मागची बाजू उचलत असेल, तर तो सपाट टेकेपर्यंत वजन थोडं पुढंमागं सरकवा. एका वेळी वीतभर सरकवून बघायचं, एकदम नाही.

आता ओढ. मेन ड्रेनचा व्हॉल्व्ह उघडाच असणार, बहुतेकांचा असतो. मग पंपाची निम्मी ओढ खालून जाते आणि क्लीनर अर्धपोटी चालतो. क्लीनर चालू असताना ड्रेनचा आणि स्किमरचा (पाण्यावरचा पाला ओढणाऱ्या भिंतीतल्या तोंडाचा) व्हॉल्व्ह बंद करून बघा. ओढ जास्त झाली तर क्लीनर फरशीला चिकटून बसतो, नाहीतर भिंतीवर चढून हवा ओढतो. तसं झालं तर ड्रेन किंचित उघडा. पंपाच्या गाळणीची टोपली रिकामी करा. सॅण्ड फिल्टरचा गेज बघा. स्वच्छ फिल्टरवर जो आकडा असतो त्याच्यापेक्षा अर्धा-पाऊण किलो दाब वाढला की बॅकवॉश, म्हणजे पाणी उलटं सोडून फिल्टर धुवायचा. हे ठिबकवाल्या माणसाला मी काय सांगायचं! (बॅकवॉशचं पाणी गटारात सोडू नका. एक-दोन दिवस टाकीत उन्हात ठेवून झाडांना द्या. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं आपण पाहिलंय.)

रिटर्नच्या तोंडातून (जिथून गाळलेलं पाणी पुलात परत येतं) बुडबुडे येत असतील तर पंप कुठून तरी हवा खातोय. गाळणीच्या झाकणाची रबरी रिंग आणि होजचे सांधे बघा. सांधे पाण्याखाली ओले करून घट्ट बसवायचे, कोरडे जोडले की हवा राहते. एप्रिल-मेमध्ये तर आपल्याकडं दिवसाला सेंटीमीटरभर पाणी नुसतं उडून जातं. पातळी स्किमरच्या तोंडाच्या निम्म्याच्या खाली गेली आणि स्किमर चालू असला, की तिथूनही हवा शिरते. दर आठवड्याला पातळी बघायला विसरू नका.

एक स्वतःची फजिती सांगतो. जालन्याकडच्या एका लॉन्सवर क्लीनर रोज दुपारनंतर मंदावायचा. मी पडदा बदलला, मग दुसराही बदलला, मालकाकडून दोन्हीचे पैसे घेतले. तिसऱ्या दिवशी तिथल्या माळ्यानं होज उलटी करून झटकली, तर आतून निंबोळ्या पडल्या. एक क्लीनरच्या घशात आडवी बसली होती, पाणी जाईल पण पुरेसं जाणार नाही अशी. काठावर भलंमोठं कडुनिंबाचं झाड, जून महिना, आणि माझं डोकं त्या पडद्यात. एका पडद्याचे पैसे परत दिले. तेव्हापासून मी आधी वर बघतो, झाड कुठलं आहे. तुमच्याकडं कडुनिंब असेल तर फेब्रुवारी-मार्चच्या पानगळीत आणि निंबोळ्यांच्या दिवसांत होजमध्ये पानं अडवणारी जाळी बसवा, आणि आधी दांड्याच्या जाळीनं वरचा पाला काढूनच क्लीनर सोडा. क्लीनर बारीक मातीसाठी आहे, पाचोळा गोळा करण्यासाठी नाही.

मग उरते शिडी आणि ड्रेन. शिडीकडं होज ढकलतं ते बहुतेक समोरच्या रिटर्नचं पाणी. त्या तोंडाची गोळी (आतला फिरणारा गोल भाग) हातानं फिरवा, धार खाली नाहीतर भिंतीकडं वळवा. दोन-चार वेळा बदलून बघावं लागतं. शिडी निघणारी असेल तर क्लीनर सोडण्याआधी सरळ काढून ठेवा, हा सगळ्यात स्वस्त उपाय. क्लीनरच्या पुढचं गोल चाक जागेवर आहे का, फिरतंय का, तेही बघा. कोपऱ्यातून आणि शिडीतून त्याला तेच बाहेर काढतं. गडी लोक नको ती अडगळ म्हणून ते काढून ठेवतात.

ड्रेनची जाळी उंच असेल तर ती काढून सपाट काहीतरी बसवायचा मोह होईल. ते मात्र कुणी कितीही सांगितलं तरी करू नका. ती जाळी लेकरांचे केस आणि हातपाय ओढीत अडकू नयेत म्हणून आहे. फुटली असेल तर पूल बंद ठेवा आणि नवीन बसवा. क्लीनर चालू असताना कुणाला पाण्यात उतरू देऊ नका.

आणखी एक, आपल्या मातीतलं. पूल काळ्या रानात बांधलाय का? ती माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, घराच्या भिंती तडकतात तशा पुलाच्या फरश्याही उचलतात. फुल्या ज्या जागी दाट पडतील तिथं अनवाणी चालून बघा. टाइलची कड दोन-तीन मिलिमीटर वर आली तरी क्लीनरचा रबरी घेर तिथं अडतो. बोअरच्या जड पाण्यानं साचलेला पांढरा थरही तेच करतो. शिवाय आपले गवंडी पूल हौदासारखा काटकोनात बांधतात. भिंत आणि तळ मिळतात तिथं गोलाई नसली तर क्लीनर कोपऱ्यात थोडा रेंगाळणारच. पाच मिनिटांत निघत असेल तर त्याला तुमच्याकडून काठी नको.

रोबोट वाईट नाही. त्याला होज लागत नाही, पंपाच्या ओढीचीही गरज नाही. पण तोही उंच जाळीवर अडतो, त्याच्याही केबलला पीळ पडतो, आणि गुळगुळीत टाइलवर साधा ब्रश घसरतो, फोमचा मागून घ्यावा लागतो. घ्यायचाच असेल तर विकणाऱ्याला तुमच्याच पुलात एक दिवस चालवून दाखवायला सांगा, आणि त्याही दिवशी कागद-पेन्सिल घेऊन बसा. पॉवर बॉक्स काठापासून साडेतीन मीटर तरी लांब ठेवायचा, आणि त्या लाइनला 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) हवीच.

आधी चार तुकडे काढा, ड्रेनचा व्हॉल्व्ह बंद करा आणि फुल्यांचा कागद दाखवा. शिडीसमोरच्या रिटर्नची धार कुठल्या बाजूला आहे तेही त्याच कागदावर बाणानं काढा.