नऊ वर्षं लष्करात काढून स्वतःहून सुटलेले काका 'माजी सैनिक' ठरतात का?

तुमचे काका पायदळात नऊ वर्षं होते, घरच्या अडचणीमुळे अर्ज करून सुटले, आता ऐरोलीत असतात आणि ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून ओळखपत्र मिळेल का, असं तुम्ही विचारलंय.

बहुधा नाही. वर्षं मोजू नका, डिस्चार्ज बुकात, म्हणजे लष्करातून सुटताना मिळालेल्या पुस्तिकेत, सुटण्याचं कारण काय लिहिलंय ते वाचा. ते लष्कराच्या नियमाच्या आकड्यात असतं: आर्मी रूल 13(3), आयटेम तीन, उपकलम एक म्हणजे भरतीच्या वेळची मुदत पूर्ण. उपकलम चार म्हणजे स्वतःच्या विनंतीवरून. इथेच बहुतेकांचं घोडं अडतं. स्वतःहून सुटायला हरकत नाही, पण पेन्शन बसलेली हवी. जवानाला त्यासाठी 15 वर्षं लागतात. ग्रॅच्युइटीचा कागद पुढे करूनही उपयोग नाही. ती मुदत संपवून सुटलेल्यांना चालते, अर्ज करून सुटलेल्यांना नाही. म्हणून पूर्वीचा पाच वर्षांचा करार पुरा केलेला शॉर्ट सर्व्हिसचा, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घेतलेला, अधिकारी माजी सैनिक ठरतो आणि नऊ वर्षं रायफल वाहिलेला जवान ठरत नाही. मला हा नियम साफ चुकीचा वाटतो, पण काउंटरवरच्या कारकुनाशी भांडून तो बदलत नाही.

मेडिकल बोर्डाने घरी पाठवलं असेल तर डिसॅबिलिटी पेन्शन मंजूर झाली होती का ते बघा. नुसती लो मेडिकल कॅटेगरी, म्हणजे तब्येतीचा खालचा दर्जा, पुरत नाही.

आणि सोसायटीच्या मीटिंगांमध्ये 'वर्दी ती वर्दी' म्हणणाऱ्यांसाठी: तळोज्याच्या आरएएफमधून (दंगल आवरणारं दल) निवृत्त झालेला माणूस सीआरपीएफचा (केंद्रीय राखीव पोलीस दल), म्हणजे गृह मंत्रालयाचा. मान पूर्ण, पण या व्याख्येत तो नाही. मर्चंट नेव्हीचं तर नावच काढू नका. चार वर्षांनी बाहेर पडणारे अग्निवीरही नाहीत.

हो, एक राहिलंच. वरचं सगळं 1 जुलै 1987 पासून सुटलेल्यांसाठी. काका 1 जुलै 1979 ते 30 जून 1987 या काळात सुटले असतील तर स्वतःच्या विनंतीवरून सुटलेल्यालाही पाच वर्षांची नोकरी पुरते, म्हणजे ते चक्क पात्र आहेत. तेव्हा आधी तारीख बघा. बुक हरवलं असेल तर पोलिसांत नोंद करा आणि सर्व्हिस नंबर देऊन जिल्हा कार्यालयामार्फत त्यांच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज टाका. मात्र ओळखपत्र मिळालं म्हणजे ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्डही मिळेल असं धरू नका. तिथे जवानाकडे पुन्हा पेन्शनचा पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, मागतात.