वाईट काळात साथ दिलेल्या मित्राचे उपकार कसे फेडायचे? पैसे देऊ केले तर तो चिडला.

चिडणारच ना भाऊ. आमच्या चोपड्याकडे (जळगाव जिल्हा) असं पाकीट पुढे केलं असतं तर आधी दोन शिव्या बसल्या असत्या आणि मग आठवडाभर फोन उचलला नसता.

माझं सांगतो. ऐन मे महिन्यात वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला, जळगावला ॲडमिट केलं. मी एकुलता एक, आई पण दवाखान्यातच, आणि इकडे केळी निसवलेली, म्हणजे घड बाहेर पडलेले. ज्यांच्याकडे केळी नाही त्यांना सांगतो, मेमध्ये आमच्याकडे पारा ४४-४५ ला जातो, त्या उन्हात निसवलेल्या बागेला काही दिवस पाणी चुकलं की घड भरत नाही, झाडं मोडून पडतात आणि वर्षभर घातलेला पैसा गेलाच समजा. त्यात शेतीची थ्री फेज लाइट कधी दिवसा कधी रात्री, तेव्हा नेमकी रात्रीची पाळी चालू होती.

मित्र कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतो, म्हणजे सुट्टीत पगार शून्य, त्याच्याकडून पैशाची अपेक्षाच नव्हती. फोनवर एवढंच म्हणाला, "तू दवाखानामा थांब, वावरनं मी दखस." म्हणजे तू दवाखान्यात थांब, शेताचं मी बघतो. बस. मग लाइट आली की रात्री जाऊन मोटार चालू करायची, ठिबकचा फिल्टर धुवायचा, कुठे खारीने नळी कुरतडली असेल तर जोडायची. तापीकाठची केळी, बिबट्याच्या बातम्या येतच असतात. रोज सकाळी मला व्हॉट्सॲपवर फक्त प्रेशर मीटरचा फोटो यायचा, काटा जागेवर असलेला, म्हणजे पाणी नीट चालू. ना "काळजी घे", ना "देव बरं करेल". नातेवाईक मात्र शहाळं घेऊन यायचे आणि कोण कोण लकव्याने गेलं त्याची यादी वाचून जायचे, असो.

बाग वाचली. बोर्डावरचा म्हणजे जाहीर झालेला भाव आणि हातात पडणारा भाव यात फरक पडतोच, आमचं नेहमीचं रडगाणं आहे ते, पण दवाखान्याचं बिल त्या केळीतूनच निघालं.

हिवाळ्यात नाना, म्हणजे वडील, काठी धरून चालायला लागले तेव्हा मळ्यात भरीत पार्टी केली, कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली. तिथे आभाराचा विषय काढला तर पठ्ठ्याने मिरची जास्त झाली म्हणून मलाच बोलून घेतलं. मग मी त्याच्या घरी गेलो, तो नसताना. त्याची आई म्हणाली, तो मळ्यातून घरी येईपर्यंत ती ओट्यावर बसून असायची, रोज. हे त्याने मला कधीच सांगितलं नव्हतं. मग मी काकूंसमोर सगळं बोललो, दवाखान्यात आम्ही कसे होतो, तो नसता तर काय झालं असतं. त्यांनी ऐकून घेतलं, रडल्या पण थोड्या. पुढे त्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गाडी मीच काढली, हिशोब चुकता करायला नाही हं, तो होतच नाही आणि व्हावा असं मला वाटत पण नाही.

तुमच्या मित्राला बहुतेक तेच झोंबलं असेल, पैसे देऊन तुम्ही खातं बंद करताय असं. आता पाकिटाचा विषय परत काढू नका. त्याच्या घरी कोण कोण आहे ते तुम्ही लिहिलं नाही, पण लग्न झालेलं असेल तर आधी वहिनींना भेटा. तो तुमच्यासाठी पळत होता तेव्हा घरचं सगळं त्यांनीच ओढलं असणार, आणि त्यांना अजून कोणी विचारलं पण नसेल.