रो-हाऊसच्या मधल्या भागात कायम अंधार असतो. मोजकं सामान ठेवून, पांढरा रंग देऊन तो जाईल का?

नुसत्या रंगाने नाही जाणार. आधी जिन्याकडे बघा. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांना लागून असल्याने उजेड फक्त पुढून आणि मागून येतो, आणि खिडकीच्या वरच्या काठाच्या उंचीच्या साधारण दोन ते अडीच पट आतपर्यंतच पुरतो. काठ 2.1 मीटरवर असेल तर फार तर 5 मीटर. म्हणून जिन्यावर छतात काच बसवा, नवा जिना करत असाल तर पायऱ्यांमधल्या उभ्या फळ्या टाळा. उजेड थेट तळमजल्यावर उतरतो. (घरात लहान मूल असेल तर फटी 10 सेंटीमीटरपेक्षा कमीच हव्यात.)

मग पांढरा रंग द्या, पण मॅट. चकचकीत रंग डोळ्यांवर येतो. सामान कमी करण्याआधी भिंतीतली, छतापर्यंतची कपाटं करून घ्या.