दगड फुटतो, मग थर वाकतात कसे?

प्रश्न : हिमालयातील कड्यांच्या छायाचित्रांत खडकांचे थर नागमोडी वळलेले दिसतात. आमच्याकडे दगडावर घण घातला की ठिकऱ्या उडतात. मग दगड वाकतो कसा? आणि अजिंठ्याच्या डोंगरातील थर आडवेच का राहिले? — एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : घणाखाली फुटणारा दगड थंड असतो, मोकळ्या हवेत असतो आणि घाव क्षणात बसतो, वाकलेल्या थरांच्या वाट्याला यातले काहीच आलेले नसते. भूकवचात खाली जावे तसे तापमान दर किलोमीटरला साधारण 25 ते 30 अंश सेल्सिअसने वाढते, आणि वरच्या खडकांचा भार चहूबाजूंनी इतका आवळतो की भेगेला उघडायला जागाच उरत नाही. शास्त्रज्ञ थिओडोर फॉन कारमान यांनी 1911 साली संगमरवराच्या नळकांड्यांना असा चौफेर दाब देऊन वरून दाबले, तेव्हा ती न फुटता आखूड व जाड झाली. त्यात उष्णतेची भर पडली की स्फटिकांमधील अणूंच्या ओळी हळूहळू एकमेकींवरून सरकतात. क्वार्ट्झमध्ये, म्हणजे गारेच्या खनिजात, हे सुमारे 300 अंशांपासून घडू लागते. खडक वितळत नाही, घनच राहतो, पण लक्षावधी वर्षांच्या संथ रेट्याने आकार बदलतो.

वळणे कशी पडतात, हे भूशास्त्रज्ञ जेम्स हॉल यांनी 1815 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दाखवले : कापडाच्या थरांवर वजन ठेवून ते दोन्ही बाजूंनी आत रेटले. वाकळीवर पाट ठेवून हे आपल्यालाही करता येईल. वर उचललेल्या बाकाला अपनती, खाली गेलेल्याला अभिनती म्हणतात. मऊ थरांमध्ये सापडलेला कठीण थर जाड असेल तर बाक मोठे पडतात, पातळ असेल तर लहान, म्हणून एकाच कड्यात दोन्ही दिसतात.

अजिंठ्याचे थर गाळाचे नसून सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेल्या लाव्हाचे आहेत. हिमालय भूपट्टांच्या, म्हणजे भूपृष्ठाच्या सरकत्या अवाढव्य तुकड्यांच्या, टकरीच्या कडेवर आहे, मराठवाडा त्यापासून दूर, पट्टाच्या आत. थरांना घड्या पडाव्यात इतका आडवा रेटा येथे आलाच नाही. ताण मात्र येथेही साठतो. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा किल्लारीखाली तो उथळ, थंड खडकात मोकळा झाला आणि तिथे खडक वाकला नाही, तुटला.

वळलेला दगड जवळ पाहायचा असल्यास नांदेड जिल्ह्यातील देगलूर-बिलोली भागात जावे. तिथे लाव्हाच्या आवरणाबाहेर त्याहून कितीतरी जुना ग्रॅनाइट व पट्टिताश्म (नाइस, पट्ट्यापट्ट्यांचा खडक) उघडा आहे. पट्टिताश्मातील फिक्या-गडद पट्ट्या खोलवरच्या उष्णतेत घडलेल्या असतात आणि पुष्कळदा नागमोडी असतात.