आवाज मऊ आहे, की अ‍ॅम्प थकलाय?

प्रश्न: मी न्यू जर्सीत राहतो. इथे एका घरातल्या जुन्या सामानाच्या विक्रीत डायनाको मार्क थ्रीची जोडी मिळतेय, प्रत्येकी ६० वॅटचे, व्हॉल्व्हवर म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणारे मोनो अ‍ॅम्प, एका स्पीकरला एक. मालकाने लावून दाखवले, आवाज एकदम मऊ आणि गोड, फक्त बेस जरा लोळत होता. माझे स्पीकर ८ ओहमचे, ऐकणं बहुतेक शास्त्रीय. घ्यावेत का, आणि पारखायचे कसे?

उत्तर: तुम्ही ‘मऊ’ म्हणालात तिथेच मी थांबलो. माझ्याकडेही एकदा अशीच जुनी जोडी आली होती, महिनाभर मी मित्रांना बोलावून, चहा पाजून ‘काय मखमली आवाज आहे बघा’ म्हणत ऐकवत होतो, आणि मग पॉवर सप्लायचे वाळलेले कपॅसिटर बदलले तर डग्गा पहिल्यांदा डग्ग्यासारखा वाजला! व्हॉल्व्हचा गोडवा असतोच, नाही असं नाही, पण लोळणारा बेस हा बहुतेक वेळा गोडवा नसून म्हातारपण असतं.

मार्क थ्री १९५७ मध्ये आला, आणि तो किट म्हणूनही विकला जायचा, लोक घरी बसून जोडायचे, त्यामुळे प्रत्येकाचं सोल्डरिंग वेगळं. खालची प्लेट काढून बघाच. पण बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये जीव जाईल इतकं व्होल्टेज राहू शकतं, म्हणून हे काम माहीतगाराकडूनच करून घ्या. आणि स्पीकर न जोडता अ‍ॅम्प वाजवायचा नाही, व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्यामधला आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.

आधी गाणं न लावता स्पीकरला कान लावा. अमेरिकेत सप्लाय खराब असेल तर १२० हर्ट्झची गुणगुण येते, आणि तानपुरा चालू असला की ती त्यात सहज लपते, म्हणून शांततेतच ऐकायचं. मग दिवे घालवून व्हॉल्व्हकडे बघा. काचेत निळसर झाक दिसली तर सहसा घाबरायचं कारण नाही, पण आतली प्लेट लाल झाली तर ताबडतोब बंद. बायसच्या, म्हणजे गाणं नसतानाही व्हॉल्व्हमधून वाहणारा प्रवाह मोजायच्या, टेस्ट पॉइंटवर १.५६ व्होल्ट यायला हवेत. प्रत्येक अ‍ॅम्पमधल्या दोन्ही आउटपुट व्हॉल्व्हना मिळून एकच अ‍ॅडजस्टमेंट आहे, म्हणून व्हॉल्व्हची जोडी मॅच केलेली, म्हणजे सारख्या मोजमापाची हवी, नाहीतर एक राबतो आणि दुसरा आराम करतो.

खरी ताकद कळते ती लोडवर. ८ ओहमच्या डमी लोडवर, म्हणजे स्पीकरऐवजी जोडलेल्या रेझिस्टरवर, ६० वॅट म्हणजे साधारण २२ व्होल्ट. १८ व्होल्टलाच ऑसिलोस्कोपवर लाटेची टोकं कापली जायला लागली तर तुमच्याकडे ४० वॅटच आहेत. हेच ३० हर्ट्झला करून बघा, कारण १००० हर्ट्झला सगळेच शहाणे असतात. आणि कानाने तपासायचं तर दोन्ही अ‍ॅम्पना एकच मोनो सिग्नल द्या, मग स्पीकर तिथेच ठेवून अ‍ॅम्पची अदलाबदल करा. फरक अ‍ॅम्पबरोबर सरकला तर दोष त्याचाच. डाव्या-उजव्या आवाजाबद्दल आपण काय काय मनात धरून बसलेलो असतो ते तेव्हा कळतं!

वॅटची काळजी नको हो, ६० चे १२० केले तरी ३ डेसिबलच वाढतात. कपॅसिटर, व्हॉल्व्ह हे बदलता येतं, किमतीत तेवढं कमी करून मागा. पण आउटपुट ट्रान्सफॉर्मर गेलेला असेल तर सरळ नको म्हणा.